गाडीतून काढून ठेवलेल्या रोटरी इंजिनचं कॉम्प्रेशन साध्या गेजने तपासता येतं का?

येतं. पण तुम्ही लिहिलंय की विकणाऱ्याने पिस्टन इंजिनचा गेज लावून 'दोन्ही रोटर उत्तम' असं दाखवलं, आणि तेवढ्यावर ते १३बी (मॅझ्दाचं दोन रोटरचं इंजिन) घ्यावं का असं विचारताय. तेवढ्यावर अजिबात घेऊ नका. नेमक्या याच गेजवरून माझा एका जवळच्या मित्राशी वाद झालाय आणि तो अजून मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तो असंच खाली काढून ठेवलेलं १३बी बघायला मला घेऊन गेला होता. बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं आवरण), फ्लायव्हील, स्टार्टर सगळं जागेवर होतं. विकणाऱ्याने बॅटरी जोडली, गेज लावला, स्टार्टर मारला. काटा १०० पीएसआयच्या वर जाऊन थांबला. दुसऱ्या रोटरलाही तेच. मित्र लगेच पैशांचं बोलायला लागला. मी म्हटलं, थांब. या गेजच्या नळीत एकदिशा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे आलेल्यातला सगळ्यात मोठा दाब तेवढा काट्यावर अडकून राहतो. पिस्टनला ते चालतं, सिलिंडरला कप्पा एकच. रोटर म्हणजे पिस्टनच्या जागी फिरणारा तिकोनी तुकडा. त्याला तीन बाजू असतात, प्रत्येकीचा कप्पा वेगळा, आणि तिन्ही त्याच प्लगच्या भोकासमोरून जातात. दोन बाजू मेलेल्या असल्या तरी तिसरी एकटी काटा वर चढवून ठेवते.

त्या गेजला दाब सोडायचं बटण होतं. ते दाबून धरलं आणि पुन्हा स्टार्टर मारायला लावला. आता काटा थांबत नाही, उड्या मारतो. पुढच्या रोटरच्या उड्या सारख्या. मागच्याची एक उंच, दोन बुटक्या, पुन्हा एक उंच, दोन बुटक्या. बटणातून सुटणाऱ्या हवेचा आवाजही तसाच लंगडा. एपेक्स सील म्हणजे रोटरच्या टोकावरची पट्टी, शेजारच्या दोन कप्प्यांमधली सामाईक भिंत, ती गेली की दोन्हीकडचा दाब जातो. एकच बाजू कमी असती तर मी रोटरच्या सपाट अंगाच्या साइड सीलवर किंवा कोपऱ्यातल्या कॉर्नर सीलवर संशय घेतला असता. इथे दोन बाजू कमी होत्या. मी तिथेच सांगितलं, मागच्या रोटरचं एक एपेक्स सील गेलंय.

मित्राने तरीही घेतलं. उघडल्यावर त्या सीलचं टोक तुटलेलं निघालं, हाउसिंगच्या (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या) आतल्या क्रोमवर नखाला लागेल असा ओरखडा आणि रोटरच्या कडेला ठेचल्याच्या खुणा. त्याचं म्हणणं आजही असं की गेजने बरोबर दाखवलं होतं, सील वाहतुकीत तुटलं. इंजिन टेम्पोत फिरत नाही. तुटलेला तुकडा रोटरबरोबर फरफटल्याशिवाय क्रोमवर तसा ओरखडा येत नाही. आणि त्या बुटक्या उड्या तर इंजिन टेम्पोत चढायच्या आधीच दिसल्या होत्या.

आता तुमच्या कामाचं. स्टार्टरला टेकायला बेलहाउसिंग लागतंच, जुनं रिकामं मिळालं तरी चालेल. अर्थिंगची वायर थेट त्याच्यावर घ्या आणि इंजिन पक्कं बांधा, स्टार्टरच्या झटक्याने ते कलंडतं. थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवा. ज्या रोटरला गेज लावाल त्याचा दुसरा प्लग काढू नका, दोन्ही प्लग एकाच कप्प्यात उघडतात. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एका रोटरची एक उडी, म्हणजे २५० आरपीएमला ५ सेकंदांत साधारण २१. त्याहून बऱ्याच कमी भरल्या तर आधी बॅटरी बदला, इंजिनला नावं नंतर ठेवा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढलेला असेल तर पोर्टमधून टॉर्च मारा. इंजिन हाताने हळू फिरवत एकेक एपेक्स सील समोर आणा आणि लाकडी काडीने दाबा. आत जाऊन परत वर आलं पाहिजे. मॅझ्दाच्याच आरएक्स-८ गाडीच्या रेनेसिस इंजिनमध्ये हे जमत नाही, त्याचे एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या प्लेटांमध्ये आहेत.

बटण दाबून दिसणारे आकडे खरे नसतात, फक्त तिन्ही उड्यांची तुलना खरी. खरे आकडे हवे असतील तर तिन्ही बाजू वेगळ्या नोंदवणारा रोटरी टेस्टरच लागतो. कंपनीच्या मर्यादाही (रेनेसिसला २५० आरपीएमला किमान ६८० किलोपास्कल, एका रोटरच्या बाजूंमध्ये १५० पेक्षा जास्त फरक नको) गरम इंजिनच्या आहेत. बाहेर काढलेलं इंजिन थंड असतं, त्याला त्या जशाच्या तशा लावता येत नाहीत. बरेच दिवस पडून राहिलेल्या इंजिनात कार्बनमुळे सील खाचेत अडकतं, म्हणजे कमी दाब आला की सील तुटलंच असंही नाही. उलट प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडलं की मेलेला रोटरही चांगले आकडे देतो, त्यामुळे काढलेल्या प्लगची टोकं ऑइलने ओली आहेत का बघा.

विकणाऱ्याला गेजचं बटण दाबून दोन्ही रोटर तुमच्यासमोर फिरवायला सांगा. नाही म्हणाला तर ते इंजिन पूर्ण उघडावं लागणार असं धरूनच किंमत सांगा.