म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन कोल्हापूरहून समुद्रावर कुठं जावं?

तुम्ही विचारलंय, घरात सत्तरीचे आई-वडील, दोघा भावांची कुटुंबं, दोन ते सात वर्षांची चार मुलं, कोल्हापूरहून चार दिवस निघायचंय, तर गणपतीपुळे, मालवण की गोवा?

मालवण. त्यातही तारकर्ली नाही, मालवण गावातला चिवला बीच. कारण सविस्तर सांगते, कारण याच प्रश्नावरून आमच्या घरात चार वर्षं वाद चाललाय.

आमचंही एकत्र कुटुंब, मंगळवार पेठेतलं, लहानथोर धरून तेरा माणसं. सहलीचं ठिकाण थोरले भाऊजी ठरवायचे आणि ते दरवेळी गणपतीपुळेच असायचं. आंबा घाट उतरला की आलंच, देवदर्शनही होतं, म्हातारी माणसं खूश. हे ‘म्हातारी माणसं खूश’ त्यांनी परस्पर ठरवलेलं. सासूबाईंना कुणी विचारलं नव्हतं.

देवाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पहाटे उठून डोंगराला अख्खी प्रदक्षिणा घालताना आईंचा चेहरा मी बघितलाय. पण त्यानंतरचा सगळा दिवस त्या काय करायच्या? वर सावलीत बसून सगळ्यांच्या चपला, पर्स, मोबाईल आणि झोपलेलं बाळ सांभाळायच्या. चार सहली झाल्या, त्यांचा पाय एकदाही पाण्याला लागला नाही. गुडघे दुखतात, उतरत्या वाळूतून खाली जाववत नाही आणि पुन्हा वर येववत नाही. कुणाच्या हे लक्षातही आलं नाही. मलासुद्धा चौथ्या सहलीत कळलं.

त्याच सहलीत ते झालं. सकाळी अकराची वेळ. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची, काकांचा हात धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी. पुळ्याचा किनारा उतरता आहे, थोडं आत गेलं की खोली वाढते आणि परतणारी लाट पायाखालची वाळूच ओढून नेते. तशीच एक लाट आली, हात सुटला, पोरगी दोन कोलांट्या खाऊन आत ओढली गेली. माझ्या नवऱ्यानं झेप घालून फ्रॉक पकडला म्हणून हाताला लागली. नाकातोंडात वाळू, अंग थरथरतंय. वरून आई धावत सुटल्या आणि वाळूतच गुडघ्यावर पडल्या. त्यावर भाऊजी म्हणाले, “समुद्र म्हटल्यावर लाट येणारच की.” हे वाक्य मी आजपर्यंत विसरलेली नाही.

लाट येणारच, पण कधी आणि किती, ते आधी कळतं. हे मला पुढच्या वर्षी मालवणात, आम्ही ज्यांच्या घरी उतरलो त्या काकूंनी शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, सप्तमी-अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा जोर कमी. आमच्या त्या दिवशी चतुर्दशी होती. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे उधाणाचे दिवस, भरती नुकतीच संपलेली आणि पाणी आत ओढायला लागलेलं, नेमकं त्याच वेळी आम्ही लहान पोरांना घेऊन उतरलो. घरात कालनिर्णय भिंतीवर असतं, चतुर्थी-एकादशी बघता, मग समुद्रावर जाताना तिथी का बघत नाही? मुलांना पाण्यात न्यायचं तर भांगाचे दिवस धरा.

चिवल्याला पाणी एरवी शांत असतं आणि राहायची घरं वाळूला लागूनच आहेत. मी पहिल्यांदा स्वतः बुकिंग केलं, तळमजल्यावरच्या खोल्या मागून घेतल्या. संध्याकाळी आई आपणहून उठल्या, नऊवारी थोडी वर खोचली आणि पाण्यात जाऊन बसल्याच. अडुसष्टाव्या वर्षी. नातीनं त्यांच्या पायावर वाळूचा किल्ला केला. अंधार पडेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

जेवण त्याच घरात सांगा. स्वयंपाकघरासकट बंगला घेऊन पैसे वाचवू असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. भाऊजींनी तेही करून बघितलंय. तेरा माणसांच्या भाकऱ्या आम्ही तिघी जावांनी तिकडंही थापल्या, मग गेलो कशाला? घरचे मासे न खाणारे असतील तर आदल्या दिवशी सांगा, काळ्या वाटाण्याची आमटी आणि सोलकढी मिळते.

रस्ता गगनबावड्यावरून किंवा राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटानं. मुलांना घाटाआधी दूध देऊ नका, कोरडं काहीतरी द्या, आणि घाट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं थांबा.

सिंधुदुर्ग किल्ला मुलांना दाखवाच, महाराजांनी 1664 साली बांधायला घेतलेला आहे. पण होडीत चढता-उतरताना डगमगतं, तुमच्या वडिलांचे गुडघे बघून ठरवा. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

आणि हेही सांगायला हवं. चिवला म्हणजे तळं नाही. रॉक गार्डनच्या बाजूला खडक आहेत, तिकडं मुलांना सोडू नका, आणि दर मुलामागं एक मोठं माणूस नेमा, ‘सगळे बघतायत’ म्हणजे कुणीच बघत नसतं. मे महिन्यात जाऊ नका, म्हाताऱ्यांना तो उकाडा सोसत नाही. नाताळात गर्दी फार असते. तुमच्या आईंना देवदर्शन हवंच असेल तर येता-जाता कुणकेश्वर करा. गोव्याबद्दल मी काही सांगत नाही, या वयाच्या माणसांना घेऊन आम्ही तिकडं गेलेलो नाही.

ठरवायच्या आधी आईंना वेगळं बसवून विचारा, तुम्हाला पाण्यात जायचंय का? सगळ्यांसमोर विचारलंत तर “मला काय, पोरांचं बघा” एवढंच म्हणतील.

आमच्या आई आता बहात्तरच्या आहेत. जानेवारीत पुन्हा चिवल्यालाच जातोय, सप्तमी-अष्टमी बघून. भाऊजींना सांगून झालंय.