पहिल्यांदाच कोंबडीची पिल्लं आणली आहेत, ऊब किती द्यावी आणि कशाची काळजी घ्यावी?

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ठेवा, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जा. थर्मामीटर लावाच, पण जास्त विश्वास पिल्लांवर ठेवा. ऊब देणाऱ्या बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर गारठली आहेत. कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडतंय. निवांत पसरलेली असली की जमलं. बल्ब एका टोकालाच लावा, म्हणजे नको तेव्हा त्यांना लांब सरकता येईल. आणि तो साखळीने पक्का टांगा; भुशात पडला तर आग लागते.

पाण्याचं भांडं उथळ हवं, त्यात गोटे टाका. एवढ्याशा पाण्यातही पिल्लू बुडतं. आणल्या आणल्या प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवून द्या.

खाली नुसता वर्तमानपत्राचा कागद नको, पाय घसरून फाकतात. कोरडं तूस चालेल. खाद्य चिक स्टार्टरच (लहान पिल्लांसाठी मिळणारं तयार खाद्य) द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम जास्त असतं, त्याने पिल्लांची मूत्रपिंडं खराब होतात.

रोज शेपटीखाली बघा. विष्ठा वाळून वाट बंद झाली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून हळूच काढा, ओढू नका, आणि पिल्लू कोरडं करूनच परत सोडा. बेंबीची जागा मात्र विष्ठेच्या वाटेच्या पुढे, पोटाकडे असते. तिथली खपली अजिबात काढायची नाही.

विष्ठेत रक्त दिसलं तर घरगुती उपाय नकोत, थेट पशुवैद्य गाठा. पिल्लं हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मुलांना पापे घेऊ देऊ नका. साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू धडधाकट पिल्लांकडूनही येतो.