कोल्हापूर ते न्यूयॉर्क: १४ तासांत पोचतात का?

आईवडील बहिणीकडं न्यू जर्सीला (न्यूयॉर्कच्या शेजारी) निघालेत, नेटवर अंतर १२,८०० किलोमीटर आणि वेळ १४ तास दिसतोय, तेवढ्यात पोचतील का, असं तुम्ही विचारलंय. नाही पोचणार. अंतर बरोबर आहे, पण ते १४ तास म्हणजे अंतराला ताशी ९०० किलोमीटरच्या वेगानं नुसतं भागलेलं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून अमेरिकेला थेट विमान कुठलं?

मुंबई ते न्यूयॉर्क साधारण १२,५०० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो पार ६४-६५ अक्षांशापर्यंत वर चढतो. सपाट नकाशावर हे उलटंच वाटतं, पण जवळची वाट तीच. विमानाला मात्र ती नेमकी मिळतेच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला उतरवावी लागली.

दुसरी भानगड वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचे वारे असतात, हिवाळ्यात जास्तच. म्हणून थेट विमानाला जाताना १६ तासांच्या आसपास आणि येताना १४-१४॥ तास धरा.

तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करू नका, त्या त्या-त्या गावच्या असतात. समजा, विमान मुंबईहून रात्री १:३० ला सुटलं, तर हिवाळ्यात ते तिथल्या सकाळी ७ ला उतरेल. बघणाऱ्याला वाटतं, साडेपाच तासांत पोचले! न्यूयॉर्क आपल्या १०॥ तास मागं, मार्च ते नोव्हेंबर ९॥.

आता खरा वेळखाऊ भाग, कोल्हापूर ते सहार, म्हणजे मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ. गाडीनं ३८० किलोमीटर. महामार्गाच्या सहापदरीकरणाची डायव्हर्जन, खंबाटकी घाट, पुण्याचा नवले पूल, लोणावळा, यातलं एक तरी आडवं येतंच. रात्री १:३० च्या विमानाला सकाळी ११ च्या पुढं घर सोडू नका. म्हणजे तिथं उतरल्यावर घरी पोचेपर्यंतचा वेळ धरून दारापासून दारापर्यंत ३२-३३ तास झाले. विमान मध्ये कुठं बदलायचं असेल तर आणखी वाढतील.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जायचं तर रात्री बसून सकाळी दादरला उतरता येतं, फक्त दिवस काढायला कुणाचं तरी घर हवं. वयस्कर माणसांसाठी मी हेच सुचवेन. कोल्हापूर-मुंबई विमान तासाभराचं, पण ते तिकीट वेगळं काढलं आणि ते रद्द झालं, तर पुढचं विमान चुकल्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. शिवाय देशातल्या विमानात बहुधा १५ किलोच सामान चालतं. अमेरिकेच्या तिकिटावर २३-२३ च्या बॅगा मिळाल्या म्हणून चटणी-पापड भरून ठेवलेत, तर इथल्या काउंटरवरच जादा पैसे मोजाल. वेगळ्या तिकिटानं जायचंच असेल तर आदल्या दिवशी जा.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, चालता येत असलं तरी. इमिग्रेशनच्या रांगेत तासन्तास उभं राहणं वाचतं आणि सोबत भाषा येणारा माणूस मिळतो. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा, चिठ्ठीसकट. वडिलांना इन्सुलिन असेल तर कोणता डोस कोणत्या घड्याळानं घ्यायचा, हे डॉक्टरांकडून आत्ताच कागदावर लिहून घ्या.