गालावर मारून घेतो, तेव्हा आधी दाढ बघा

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, अजून बोलत नाही. दिवाळीनंतर रात्री दचकून उठायला लागला. उजव्या गालावर बुक्क्या मारून घेतो, शर्टाची कॉलर चावून चावून ओली करतो. पोळी सोडली; मऊ भात आणि दुधात भिजवलेली बिस्किटं एवढंच खातो. थेरपी सेंटरमध्ये म्हणाले, लक्ष वेधण्यासाठी करतोय, दुर्लक्ष करा. एका दातांच्या दवाखान्यात नेलं, तर मला बाहेर बसवून आत दोघातिघांनी त्याचे हातपाय धरले. आता त्या गल्लीत रिक्षा वळली तरी किंचाळतो. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, आठ दात किडलेत, पूर्ण भूल देऊन एकदमच करावं लागेल. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात पडणारच आहेत, कशाला हात लावायचा? यजमानांना भुलेची धास्ती आहे. आधीच बोलत नाही, त्यात भुलेने मेंदूला काही झालं तर? मला काहीच सुचत नाही.
— एक आई, कराड

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात निर्णय जवळजवळ लिहिलेलाच आहे. एकाच गालावर मारून घेणं, रात्री उठणं, चावायचे पदार्थ सोडून मऊ खाण्याकडे वळणं, कॉलर चावणं, हे सगळं एकत्र दिसलं की माझ्यासाठी ती दाढदुखीची तक्रारच असते. किडलेल्या दाढेचा ठणका आडवं झाल्यावर वाढतो, म्हणून रात्र वाईट जाते. थेरपी सेंटरवाले म्हणतात तसं तो लक्ष वेधत असेलही. दुखतंय म्हणून वेधतोय. न बोलणाऱ्या मुलात अचानक नवं वागणं दिसलं, तर त्याला ‘वर्तनाचा प्रश्न’ म्हणण्याआधी दात, कान आणि पोट तपासून घ्यायचं, हे मी भेटेल त्या प्रत्येक थेरपिस्टला सांगते.

या मुलांच्या बाबतीत मी एकच धरून चालते : दुखत असेल तर थांबायचं नाही आणि दुखत नसेल तर घाई करायची नाही. प्रत्यक्षात नेमकं उलटं होताना मला दिसतं. ठणकणारी दाढ घेऊन आलेल्या मुलाला ‘जरा मोठा होऊ दे, सवय होईल’ म्हणून परत पाठवतात आणि ज्याचं काहीच दुखत नाही त्याला नुसत्या तपासणीसाठी चौघं मिळून दाबून धरतात. तुमच्या मुलाला आता सवय लावत बसायला वेळ नाही.

सासूबाईंना सांगा, पुढचे दात सहा-सात वर्षांना पडतात हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे अजून पाच-सहा वर्षं त्याला त्याच दाढांनी जेवायचंय. शिवाय त्यांच्या मुळांच्या मधोमध खाली कायमचे दात तयार होत असतात, तिथे पू साचणं बरं नाही. गालाला किंवा डोळ्याखाली सूज आली, ताप आला, गिळायला त्रास व्हायला लागला, तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

आता भूल. तुमच्या यजमानांची भीती रास्त आहे आणि तिला नीट उत्तर मिळायला हवं. अमेरिकेच्या एफडीए या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये एक इशारा दिला होता, भुलेबद्दलची बरीचशी चर्चा तिथून आली. तो इशारा तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त वेळ दिलेल्या भुलेबद्दल आहे. तान्ह्या बाळांना एकदाच, साधारण तासाभराची भूल दिली तर पुढे काय होतं, हे पाहणारा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पूर्ण भूल मिळालेली आणि जागेपणी फक्त अंगाचा भाग बधिर केलेली मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांच्या बुद्ध्यांकात फरक आढळला नाही. आठ दातांचं काम तासाभरापेक्षा जास्त चालतं हे खरं, पण तुमचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे आणि भूल एकदाच द्यायची आहे. भुलेत धोका शून्य नसतो. तो कमी होतो तो जागा आणि माणसं नीट निवडल्याने. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा : भूलतज्ज्ञ कोण, लहान मुलांना नेहमी भूल देतात का, काम रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये होणार का, शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण असणार? हे प्रश्न विचारलेले चांगल्या डॉक्टरांना आवडतात. भूलतज्ज्ञांची भेट आधी, निवांत, वेगळ्या दिवशी घ्या. फिट्सचं औषध चालू असेल तर ते आधी सांगा. सकाळचा डोस सहसा चुकवायचा नसतो, तो कसा द्यायचा ते तेच सांगतील. सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढे जाईल, वाईट वाटून घेऊ नका.

भीती कमी करायला हुंगवतात त्या लाफिंग गॅसवर भागणार नाही का, असंही कुणी सुचवेल. त्यासाठी नाकावर मास्क ठेवू द्यावा लागतो, नाकाने श्वास घेत राहावं लागतं आणि मूल जागंच असतं. आठ दात आणि इतकं घाबरलेलं लेकरू, इथे मी त्या वाटेला जाणार नाही.

भुलेच्या दिवसाची तयारी तुम्हालाच करायची आहे, कारण त्याला काय सोसतं ते तुमच्याएवढं कुणाला माहीत नाही. खाणं आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. नक्की वेळा भूलतज्ज्ञ देतील, त्या काटेकोर पाळा. बिस्किटांचा डबा आदल्या रात्रीच नजरेआड करा आणि यादीतला पहिला नंबर मागून घ्या. उपाशी मुलाला अकरा वाजेपर्यंत बसवणं हा आपणहून ओढवलेला त्रास आहे. रुग्णालयाचा गाऊन अंगाला टोचत असेल तर घरचे कपडे चालतील का विचारा. हाताला बांधायची नावाची पट्टी तो ओरबाडत असेल तर ती पाठीवर कपड्याला लावता येईल का, हेही विचारा. सलाईनची सुई मास्कने झोप लागल्यावर टोचता येते. जागेपणी टोचायचीच असेल तर आधी हातावर बधिर करणारं मलम लावता येतं. घाबरटपणा कमी करणारं औषध तोंडाने आधी देता येतं. हे सगळं मिळतं, पण अनेकदा मागावं लागतं. आणि त्याची नखं कापणं, केस कापणं, रक्त काढणं ही घरातली युद्धं असतील, तर भूल असतानाच हेही उरकता येईल का म्हणून विचारा. माझ्याकडे येणाऱ्या आया हे ऐकून आधी चकित होतात आणि मग भराभर यादी करतात.

शुद्धीवर येताना मुलं अर्धा-पाऊण तास रडतात, हातपाय झाडतात, ओळखत नाहीत. हे ओसरतं. डोळे उघडतील तेव्हा तुम्ही जवळ असायला हवं, हे आधीच कबूल करून घ्या. हिरडीत बधिरपणाचं इंजेक्शनही दिलं असेल तर तो सुन्न ओठ चावेल, दोन-तीन तास लक्ष ठेवा.

कामाबद्दल माझं मत ठाम आहे. भूल द्यायचीच तर टिकाऊ काम करून घ्या. मोठ्या किडीत नुसतं सिमेंट भरलं तर ते निघू शकतं आणि पुन्हा भुलेची वेळ येते. दुधाच्या दाढांवर स्टीलच्या कॅपा बसवलेल्या बऱ्या, त्या दाढ पडेपर्यंत टिकतात. जी वाचण्यासारखी नाही ती काढून टाकलेली चांगली. कॅप चांदीच्या रंगाची दिसते, नातेवाईक विचारतील. विचारू दे.

हातपाय धरण्याबद्दल. चेहरा सुजलेल्या मुलाला वाचवायला कधी धरावं लागतं. तेव्हाही आधी तुम्हाला सांगून, तुमच्या संमतीने आणि तुमच्या समोर. सोयीसाठी धरणं मला मान्य नाही. आईला बाहेर बसवण्याचं तर कारणच नाही. पुढच्या कुठल्याही दवाखान्यात पाऊल ठेवण्याआधी फोनवर विचारा, ‘मी आत थांबणार, चालेल ना?’ उत्तराला वेळ लागला तर दुसरा दवाखाना बघा.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाही, पण तो येणार. सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. तुम्हाला सगळीच लांब. जवळच्या खासगी दंत महाविद्यालयातही बालदंतविभाग असतो आणि दर बाहेरच्यापेक्षा कमी असतात. भुलेच्या कामाची यादी किती लांब आहे ते मात्र आधी विचारा, दुखणं थांबणारं नाही. मुलाचं अपंगत्व प्रमाणपत्र झालं असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत नाव घाला. ऑटिझम असलेल्यांना तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. पैसे आधी तुम्ही भरायचे आणि मग मागायचे असतात, म्हणून प्रत्येक बिल आणि केसपेपर जपून ठेवा. तुमच्या कामातलं काय काय बसेल ते नोंदणी करतानाच विचारून घ्या.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची, गेल्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. दात किडलेले दिसत नाहीत. पण ब्रश पाहिला की ओठ घट्ट मिटून घेते. घास तासन्‌तास गालात धरून ठेवते. आत्ताच डॉक्टरांना दाखवायचं की काही झाल्यावर?
— एक बाबा, चिपळूण

उत्तर : आत्ता दाखवा, काही दुखत नाहीये तोवरच. पहिल्या वेळी फक्त जायचं, खुर्ची बघायची आणि परत यायचं. जाण्याआधी त्याच दवाखान्याचे फोटो काढून आणा : फाटक, जिना, खुर्ची, डॉक्टर मास्क लावून आणि मास्क काढून. ते घरी रोज क्रमाने दाखवा. दवाखाना उघडल्याबरोबरची वेळ घ्या, म्हणजे ताटकळणं नाही आणि शेजारच्या खोलीतल्या ड्रिलचा आवाज नाही. दिव्याचा त्रास होत असेल तर गॉगल, आवाजाचा होत असेल तर कानांवर हेडफोन. खुर्चीत बसायलाच हवं असं नाही. तुम्ही आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून बसा, मुलगी तुमच्याकडे तोंड करून मांडीवर आणि डोकं मागे डॉक्टरांच्या मांडीवर. असं छान दिसतं सगळं.

ब्रशचं भांडण बहुतेक वेळा पेस्टशी असतं. पुदिना झोंबतो, फेस घशाशी येतो. बिनवासाची, कमी फेसाची पेस्ट शोधा. फ्लोराइड मात्र असू द्या, वेष्टनावर १००० पीपीएम लिहिलेलं बघा. या वयाला मटारच्या दाण्याएवढी चालते, पण तिला थुंकता येत नसेल तर तांदळाच्या दाण्याएवढीच घ्या. तीही नको असेल तर काही दिवस नुसता ओला ब्रश. न्हाणीघरातच घासायला हवेत असा नियम नाही. दिवाणावर तिचं डोकं तुमच्या मांडीवर घेऊन मागून घासा, समोरून अंगावर येणारा हात तिला नको असतो. एक ते दहा मोजा आणि दहाला खरंच थांबा. अकरा म्हणालात की पुढच्या वेळी तोंड उघडणार नाही. दातांच्या तिन्ही बाजू एकदम घासणारे ब्रश मिळतात, घाईत संपवायला ते उपयोगी पडतात.

गालातला घास मला ब्रशपेक्षा जास्त काळजीचा वाटतो. जेवणानंतर ओल्या मऊ फडक्याने गालाचा कप्पा पुसून घ्या आणि दोन घोट पाणी पाजा. रोजच्या कृती शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला घास धरण्याबद्दल जरूर सांगा, तो त्यांच्या कामाचाच भाग आहे. त्यांना हेही विचारा की थेरपीत बक्षीस म्हणून काय देतात. दिवसभर एकेक चॉकलेटची गोळी मिळत असेल तर ते बदलून घ्या; साबणाचे फुगे, झोका, आवडतं गाणं, काहीही चालेल. औषधाचं गोड सिरप रात्री ब्रश झाल्यावर देऊ नका, आधी द्या.

प्रश्न : नातू तीन वर्षांचा, ऑटिझम आहे. डॉक्टरांनी पुढच्या किडलेल्या दातांना नुसतं औषध लावलं आणि ते दात काळे पडले. आमची फसवणूक झाली का?
— आजोबा, नागपूर

उत्तर : नाही आजोबा. ते सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड असावं. त्यातल्या चांदीने किडलेला भाग काळा होतो, चांगला भाग तसाच राहतो. काळा आणि टणक झाला म्हणजे तिथली कीड थांबली. ना ड्रिल, ना इंजेक्शन, मिनिटभराचं काम. इतक्या लहान मुलाची भूल यामुळे टळते किंवा निदान पुढे ढकलता येते, आणि या वयात ती पुढे गेलेली मला बरी वाटते. ओठाला लागलेला डाग काही दिवसांत जातो, दातावरचा जात नाही, आणि हे लावण्याआधी तुम्हाला सांगायला हवं होतं. तो स्वस्थ बसायला लागला की वरून पांढरं सिमेंट लावून घेता येईल. एकदा लावून भागत नाही, साधारण सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. आणि झोपताना दुधाची बाटली चालू असेल तर ती आजपासून बंद करा. सुरुवातीला बाटलीत साधं पाणी द्या, हळूहळू तीही सुटेल.