वाचकांचे प्रश्न : गालिक शिकायचंय, पण स्पेलिंग बघूनच घाबरायला होतं

प्रश्न : माझ्या मुलीचं सासर स्कॉटलंडमधे, लुईस बेटावरचं. तिच्या आजेसासूबाई घरात गालिकच बोलतात. डिसेंबरात सगळे इंदूरला येणारेत आणि मला त्यांच्याशी चार वाक्यं तरी त्यांच्या भाषेत बोलायचीत. मोबाईलवर शिकतेय पण लिहिलेलं एक आणि ऐकू येतं भलतंच. साठीत हे जमेल का? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, नक्की जमेल. पहिले पंधरा दिवस स्पेलिंगकडे बघूच नका. एक वही घ्या आणि कानाला जे ऐकू येतं ते सरळ देवनागरीत लिहा. मी स्वतः आधी इंग्रजी अक्षरांवरून शिकायला गेले आणि त्यात सहा महिने वाया घालवले, म्हणून इतकं आग्रहाने सांगतेय.

कारण असं की गालिकमधे ब आणि प असा फरक नाहीच मुळी, तिथे फरक आहे प आणि फ चा, म्हणजे श्वास सोडायचा की नाही याचा, जो आपल्याला लहानपणापासून येतो. शब्दाच्या सुरुवातीला बी लिहिलं की ऐकू येतो प, पी लिहिलं की फ (ओठ मिटून म्हणायचा जुना फ, फॅनमधला नाही). तसंच डी म्हणजे त, टी म्हणजे थ, जी म्हणजे क, सी म्हणजे ख. गाय म्हणजे पो, कुत्रा म्हणजे खू, चहा म्हणजे थी. आपण गालिक म्हणतो ते नावसुद्धा त्यांच्या तोंडून कालिक असंच ऐकू येतं.

आता जेवणाच्या टेबलावरचे शब्द. दूध पान्य, लोणी ईम, ब्रेड आरन (पोळी वाढतानाही आरनच म्हणा, समजेल त्यांना), पाणी उश्क्य. व्हिस्की हा शब्द याच पाण्यावरून आलाय, उश्क्य पेह म्हणजे जीवनाचं पाणी.

सकाळी पोहे पुढे ठेवताना म्हणा "मातिन्य वा", सुप्रभात. "खिमर अ हा शिव?" म्हणजे कशा आहात. यातला शिव म्हणजे आपलं तुम्ही, मोठ्यांसाठी. नातवंडांना मात्र "खिमर अ हा ऊ?", कसा आहेस. इंग्रजीत सगळ्यांना एकच यू, त्यामुळे इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं, आपल्याला आजींशी अरेतुरे करायचं मनातही येणार नाही. आभार मानायला "थाहप लेव", तेही आदरार्थीच.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, मी म्हणजे मीच! "हा मी स्की" म्हणजे मी दमलेय, फक्त क्रियापद आधी येतं. हो-नाहीला वेगळे शब्द नाहीत, दमलात का विचारलं की उत्तर "आहे" किंवा "नाहीये". "कुत्रा माझ्यापाशी आहे" अशीच त्यांची रचना, भूक मात्र "माझ्यावर आहे" म्हणतात.

र किंवा ल नंतर काही व्यंजनं आली तर मधे एक स्वर घुसतो, आपल्याकडे धर्मचं धरम होतं ना, तसं. स्कॉटलंडचं गालिक नाव आल्बा लिहितात पण म्हणतात आलप. या जास्तीच्या स्वराला तिकडचे भाषातज्ज्ञही स्वरभक्ती असंच म्हणतात, चक्क संस्कृत शब्द! मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा अंगावर काटा आला होता.

ॲपवर ड्युओलिंगोचा कोर्स २०१९ पासून आहे, लर्नगॅलिक या वेबसाइटच्या शब्दकोशात उच्चार ऐकताही येतात. पण बेटाबेटांवर उच्चार बदलतो म्हणून मुलीला सांगून आजींच्याच आवाजात व्हॉइस नोट मागवा, रोज एक पुरे. २०२२ च्या जनगणनेत थोडंफार गालिक येणारे स्कॉटलंडभर मिळून सुमारे १ लाख ३० हजार निघाले. बाहेर दुसरी भाषा आणि घरात आपली, हे आपण इंदूरवाले रोज जगतो, त्यामुळे परक्या घरात आपली भाषा कानावर पडली की आजींना काय वाटेल ते तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : हेमिश हे नाव गालिक आहे का? मला ते गालिक नावांच्या यादीत सापडलं नाही. – एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : यादीत शेमस शोध. हाक मारताना आपण शेवट बदलतो, मुलगाचं मुला होतं, गालिकमधे सुरुवातही बदलते. एसला एच लागला की उरतो ह, म्हणून शेमसला हाक मारली की "अ हेमिश", आणि इंग्रजी बोलणाऱ्यांनी ती हाकच नाव म्हणून उचलली. एमला एच लागला की व होतो, मारीला हाक "अ वारी". त्यांच्या वर्णमालेत १८च अक्षरं आहेत, व्ही आणि डब्ल्यू त्यात नाहीतच, त्यामुळे व लिहायला एम किंवा बीपुढे एच लावावा लागतो. वर मातिन्य वा मधला वा तसाच, एरवी तो शब्द नुसता मा आहे.