फोन खिशात ठेवू की नको?

"मॅडम, खिशात फोन ठेवल्यानंच झालंय न्हवं हे?"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यानं विचारलं. वय ३१, तासगाव भागातला द्राक्षबागायतदार, लग्नाला चार वर्षं, अजून मूल नाही. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) बायकोच्या मांडीवर जाडजूड फाईल. त्यातले जवळजवळ सगळे कागद तिचे: सोनोग्राफी, थायरॉइड, गर्भनळ्यांचा एक्स-रे. त्याचा रिपोर्ट एकच, पंधरा दिवसांपूर्वीचा. एका मिलिलिटरमध्ये ३० लाख शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये धरलेली खालची मर्यादा १ कोटी ६० लाखांची आहे.

रिपोर्ट हातात पडल्यापासून फोन बायकोच्या पर्समध्ये. मागच्या बाजूला रेडिएशन शोषून घेणारं म्हणून विकलेलं सोनेरी स्टिकर, सहाशे रुपयांचं. (तेवढ्या पैशात दुसऱ्यांदा वीर्यतपासणी झाली असती, आणि एका रिपोर्टवर निकाल लावायचा नसतोच.)

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. फोनच्या लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात, पेशीतला डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. फार तर किंचित ऊब येते. प्रयोगशाळेत वीर्याच्या नमुन्याशेजारी फोन ठेवल्यावर शुक्राणूंची हालचाल मंदावल्याचं काही प्रयोगांत दिसलंय, पण बशीतला नमुना आणि अंगातला अवयव यांत फरक आहे. स्वित्झर्लंडमध्ये २,८८६ तरुणांची पाहणी झाली, २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दिवसातून वीसपेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांत शुक्राणूंचं प्रमाण कमी दिसलं खरं, पण त्यांचीही सरासरी चार कोटींच्या वर होती. आणि फोन पँटच्या खिशात ठेवण्याचा काही संबंध आढळला नाही. तेव्हा फोन बॅगेत ठेवायचा तर खुशाल ठेवा, त्यात तोटा नाही. पण ३० लाखांचं खापर मी फोनवर फोडणार नाही.

हे ऐकून त्याचा चेहरा उजळायला हवा होता. उलट उतरला.

नवरा-बायकोशी मी एकदा वेगवेगळं बोलतेच. तंबाखू? नाही. दारू? जत्रेला, तीही नावाला. मागच्या तीन महिन्यांत मोठा ताप? नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७०-७५ दिवस लागतात, त्यामुळे तीन महिने मागचं विचारावं लागतं. शर्टाच्या बाहीत न मावणारे दंड मघापासून दिसत होते. जिमला जाता का, विचारलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला.

"इंजेक्शनचा कोर्स केलाय दोन-तीनदा. पण स्टिरॉइड न्हाई वो मॅडम, टेस्टोस्टेरॉन. ते तर पुरुषाचंच असतंय की."

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोनही स्टिरॉइडच. इथेच घोटाळा होतो, आणि विकणारे तो दूर करत नाहीत. मी विचारलं, बागेतल्या टाकीला फ्लोट आहे ना? टँकरनं टाकी भरली तर मोटर चालू होते का? तो म्हणाला, "कशाला हुईल? टाकी भरलेलीच दिसती." तसंच. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे. मग वृषणाला काम लावणारा निरोपच थांबतो. अंगावर मांस चढतं, आत शुक्राणूंचं काम ठप्प.

थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, "मग बोअर आटलीया, का नुसती मोटर बंद हाय?"

इतका नेमका प्रश्न मला शिकल्यासवरल्या लोकांनीही विचारलेला नाही. बहुतेक वेळा मोटरच बंद असते, असं सांगितलं. मिरजेच्या मूत्रविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी अंडकोशातल्या शिरा फुगल्यात का तेही पाहिलं, कारण मूल न होणाऱ्या पुरुषांत ते वारंवार सापडतं. इथे तसं नव्हतं. रक्तात एफएसएच आणि एलएच, म्हणजे मेंदूचा तो निरोप वृषणाला पोचवणारी दोन हार्मोन्स, तळाला गेलेली. इंजेक्शनं बंद, पुढचं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. उत्पादन सुरळीत व्हायला बहुतेकांना सहा महिने ते वर्ष लागतं, काहींना दोन वर्षंही. मधे कुणाच्या सांगण्यावरून आणखी काही टोचून घ्यायचं नाही, एवढं मी दोनदा बजावलं.

बायकोला मी सांगितलं नाही. ते त्यानंच सांगायचं होतं, आणि पुढच्या भेटीत माझ्यासमोर सांगितलं. ती रागावली नाही. फाईलमधून एक्स-रे काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ह्या वेळेला किती दुखलं हुतं, ठाऊक हाय का तुमास्नी?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मीही मधे पडले नाही.

सात महिन्यांनी आकडा १ कोटी १० लाखांवर आलाय. दिवस राहिलेले नाहीत. घरी सासूबाई अजून सुनेलाच उपास धरायला सांगतात, आणि त्यांना खरं काय ते त्यानं सांगितलेलं नाही. पुढच्या तारखेला आईला सोबत घेऊन या, असं मी म्हटलंय. "बघतो," म्हणाला.