संस्कृतमधलं बौद्ध पठण ऐकून संस्कृत शिकता येते का?

येते. तुम्ही लिहिलंय की प्रज्ञापारमिताहृदयाचं (महायान बौद्धांच्या छोट्या संस्कृत सूत्राचं) रेकॉर्डिंग ऐकून ओढ लागली, पण वय ४५ आहे आणि सुरुवात कुठून करावी कळत नाही. मीही त्याच वयात सुरुवात केली. शाळेतलं संस्कृत दहावीबरोबर संपलं होतं.

मी बडोद्याची. आमच्या घरी वंदना पालीत होते; 'बुद्धं सरणं गच्छामि' आजीच्या तोंडून ऐकत मोठी झाले. एकदा कमाटीबागेतल्या संकल्पभूमीवरून (बाबासाहेबांनी जिथे संकल्प केला ती जागा) परतताना बहिणीने मोबाइलवर नेपाळमधलं पठण लावलं. त्यात 'शरणं' होतं. एका अक्षराचा फरक, पण तो डोक्यातून जाईना. काठमांडूच्या खोऱ्यातल्या नेवार बौद्धांनी पूजापाठाला संस्कृत आजवर टिकवलं आहे, हे मला तेव्हा कळलं.

काकांनी विचारलं, "ही भाषा आपल्याला कशाला?" प्रश्न रास्त होता. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे ते स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकले. म्हणून तर मला ती शिकायची होती. अश्वघोषाचं बुद्धचरित हे बुद्धाच्या जीवनावरचं काव्य संस्कृतात आहे. बौद्ध तत्त्वज्ञ शांतरक्षिताचा तत्त्वसंग्रह तर आमच्या बडोद्याच्याच गायकवाड प्राच्यविद्या मालेत १९२६ साली छापला गेला. हे धन आपलंही आहे.

आता पद्धत. 'रामः रामौ रामाः' पाठ करण्यापासून सुरुवात करू नका. आधी महिनाभर प्रज्ञापारमिताहृदयाचं एकच पठण रोज ऐका, मग छापील पाठ समोर घ्या (प. ल. वैद्यांनी संपादित केलेला चांगला आहे) आणि आठवड्याला एकच ओळ सोडवा. पहिल्याच वाक्यात 'व्यवलोकयति स्म' (पाहिलं) येतं. क्रियापद वर्तमानकाळाचं, पण 'स्म' लागला की अर्थ भूतकाळाचा. त्याच वाक्यात 'गम्भीरायां प्रज्ञापारमितायां' आहे. मराठीत 'गंभीर विचारात' म्हणताना 'गंभीर' तसाच राहतो. संस्कृतात विशेषणालाही नामाचीच विभक्ती घ्यावी लागते.

माझी सगळ्यात आवडती ओळ 'रूपान्न पृथक् शून्यता'. 'रूपात्' आणि 'न' जवळ आले की 'रूपान्न'. 'पृथक्' पंचमी मागतो आणि आपल्याकडे पंचमीला 'हून' आहेच: रूपाहून शून्यता वेगळी नाही. मराठी माणसाला ही ओळ जवळजवळ फुकट मिळते. मी त्या दिवशी स्वयंपाक करताना ती किती वेळा म्हटली असेन! अशा दहाबारा ओळी झाल्या, की मग भांडारकरांची मार्गोपदेशिका (संस्कृत शिकवणारं पाठ्यपुस्तक) हातात घ्या. तोवर नियमांना धरायला काहीतरी असतं.

उच्चाराकडे लक्ष द्या. आपण 'प्रद्न्या' म्हणतो, माझ्या गुजराती मैत्रिणी 'प्रग्ना' म्हणतात. संस्कृतात तिथे ज् आणि ञ आहे. जिभेला वळायला वेळ लागतो.

पुढे महावस्तूसारखे जुने बौद्ध ग्रंथ ऐकाल तेव्हा काही रूपं व्याकरणात बसणार नाहीत. ती चूक समजू नका. ते बौद्ध संकर संस्कृत, म्हणजे बोलीभाषांची रूपं मिसळलेलं संस्कृत. फ्रँकलिन एजर्टन यांनी १९५३ मध्ये त्याचं स्वतंत्र व्याकरण आणि कोश प्रसिद्ध केला.

आणि प्रज्ञापारमिताहृदयाच्या शेवटचा 'गते गते पारगते' हा मंत्र इतक्यात फोडायला घेऊ नका. 'गते' हे संबोधन की सप्तमी, यावर अभ्यासकांतच एकमत नाही. तो मी अजूनही नुसता म्हणते.